पुढचा नमुना कुठला?

पोरी, मशीन लर्निंगचं नाव निघालं की तुझ्या लॅबमधली मुलं आधी डेटा कुठून मिळेल ते शोधायला लागतात. तू तिथून सुरुवात करू नकोस. आपल्या थिन फिल्मच्या कामात यंत्राला विचारायचा प्रश्न एकच असतो. आतापर्यंतचे नमुने हे असे आलेत, तर आता कुठला करू? तो नमुना खरंच तसा आला का, पुन्हा येईल का आणि का आला, हे सगळं तुझ्याकडंच राहतं. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मी गडबड टळते.

आधी हिशेब बघ. सिलार पद्धतीनं, म्हणजे काचपट्टी पुन्हा पुन्हा द्रावणात बुडवून आणि धुऊन, फिल्म बसवायची तर द्रावणाची तीव्रता, पीएच, बुडवून ठेवण्याचा वेळ, धुण्याचा वेळ आणि फेऱ्या किती करायच्या, अशा पाच गोष्टी तुझ्या हातात असतात. प्रत्येकीच्या पाचच पातळ्या धरल्या तरी ३,१२५ नमुने होतात. गणपती-दिवाळीचीही सुट्टी न घेता रोज एक केला, तरी साडेआठ वर्षं लागतील. फेलोशिप त्याच्या कितीतरी आधी संपते.

आमच्या पिढीनं यावर काढलेली तोड तुला जुन्या प्रबंधांत दिसेल. थिन फिल्मवरच्या प्रबंधात ‘प्रिपरेटिव्ह पॅरामीटर्सचं ऑप्टिमायझेशन’ नावाचा भाग बहुधा असतोच. आधी बाकी सगळं स्थिर ठेवून तापमान बदलायचं. चांगलं तापमान सापडलं की ते धरून तीव्रता बदलायची, मग पीएच. या कामाला नाव ठेवू नकोस. शिवाजी विद्यापीठ निघालं १९६२ साली, आणि व्हॅक्यूमची महागडी यंत्रं नसताना चंचुपात्र, हीटर आणि काचपट्ट्यांवर फिल्म करायचं तंत्र तिथं असं मुरलं की पी. एस. पाटलांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा १९९९ चा आढावा आणि पठाण-लोखंडे यांचा सिलारवरचा २००४ चा आढावा जगभरच्या लॅबमध्ये वाचला गेला. सातारा-सांगलीची किती पोरं या पद्धतींवर डॉक्टर झाली!

पण एकेक घटक हलवायची ती रीत एका जागी फसते. तापलेल्या काचेवर द्रावण फवारायच्या स्प्रे पद्धतीत काचेचं तापमान फार वाढलं की थेंब काचेवर पोचण्याआधीच सुकतो आणि फिल्मऐवजी भुकटी पडते. तू वहीत लिहितेस, ‘हे तापमान वाईट’. त्याच तापमानाला फवाऱ्याचा वेग वाढवून बघितला असता तर कदाचित तिथंच सगळ्यात चांगली फिल्म मिळाली असती. दोन घटक एकमेकांत गुंतलेले असतात तिथं दोन्ही एकदम हलवल्याशिवाय ती जागा दिसत नाही.

एकदम हलवायची विद्या नवी नाही, आणि ती प्रयोगशाळेत नाही, शेतात वाढली. शेतीप्रयोगांवर काम केलेल्या सांख्यिकीतज्ज्ञ फिशरचं प्रयोगांच्या आखणीवरचं पुस्तक १९३५ चं. सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये ऑर्थोगोनल ॲरे, म्हणजे थोड्या प्रयोगांत अनेक घटक एकदम हलवायचे तक्ते, मांडले, आणि तागुची पद्धतीत चार घटक, तीन पातळ्या, ८१ ऐवजी ९ प्रयोग असा जो तक्ता तुम्ही वापरता तो त्याच घराण्यातला. त्यात आपल्या मातीतलाही माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले १९११ साली, खटाव तालुक्यातल्या बुधला. व्ही. जी. पानसे आणि त्यांनी मिळून लिहिलेलं शेतीसंशोधनातल्या सांख्यिकी पद्धतींवरचं पुस्तक १९५४ चं आहे, आणि शेती कॉलेजची मुलं त्याला नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात. कुणाकडून तरी मागून आण. पायथनचा कोर्स नंतर कर. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघणं, प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवणं आणि सारख्या परिस्थितीतल्या प्रयोगांचा गट बांधणं, या तीन सवयी त्या पुस्तकातून अंगात मुरल्या नाहीत तर यंत्र तुझं काहीही भलं करणार नाही.

चिठ्ठ्या टाकण्याचं मुलांना हसू येतं. पण विचार कर. तू कमी तापमानापासून सुरुवात करून चढत गेलीस. पहिले नमुने मेच्या उन्हाळ्यात झाले, शेवटचे जुलैत. साताऱ्याच्या जुलैत हवेतला ओलावा काय असतो ते तुला सांगायला नको. आता फिल्म बिघडली ती तापमानानं का पावसानं, हे कुठलंही गणित सांगू शकणार नाही. क्रम विस्कटून केलास तर सांगता येतं. खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज वहीत टाक. त्याचं मीटर स्वस्तात मिळतं.

आता यंत्र नेमकं काय करतं ते सांगतो. माण-खटावात बोअर मारायचा असतो तेव्हा माणूस दोन विचारांत सापडतो. शेजारच्या बोअरला पाणी लागलंय, त्याच्याजवळ मारावा की रानाच्या ज्या कोपऱ्यात अजून कुणी मारलाच नाही तिथं नशीब बघावं? जवळ मारला तर पाणी लागायची आशा जास्त, पण त्याहून मोठा झरा हुकतो. लांब मारला तर कळतं खूप, पण पैसे बुडू शकतात. बेझियन ऑप्टिमायझेशन हे याच पेचाचं गणित आहे. प्रत्येक न केलेल्या नमुन्यासाठी ते दोन आकडे काढतं, एक अंदाज आणि एक खात्री. केलेल्या नमुन्यांच्या जवळ खात्री जास्त, लांब गेलं की कमी. दोन्ही तोलून ते पुढची जागा सुचवतं. हे दोन आकडे बहुधा गॉसियन प्रोसेस नावाच्या मॉडेलनं काढतात, आणि त्याचं एक मूळही जमिनीतच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत थोड्या बोअरच्या नमुन्यांवरून मधल्या जागेतलं सोनं कसं अंदाजावं, यावर डॅनी क्रिगे या खाण इंजिनिअरनं १९५१ मध्ये लिहिलं. म्हणून भूगर्भवाले अजून त्याला क्रिगिंग म्हणतात.

याला डेटाचा डोंगर लागत नाही, हे नीट ऐक. २०१६ मध्ये शुए आणि लुकमन यांच्या गटानं निकेल-टायटॅनियमच्या आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूवर काम केलं. शक्य मिश्रणं सुमारे आठ लाख, हातात माहिती २२ नमुन्यांची. दर फेरीला चार, अशा नऊ फेऱ्या केल्या. नव्या ३६ पैकी १४ मिश्रधातू आधीच्या सगळ्या २२ पेक्षा सरस निघाले. लिव्हरपूलच्या रोबोटनं २०२० मध्ये आठ दिवसांत ६८८ प्रयोग केले, ते वाचून दडपून जाऊ नकोस. तुझं नातं त्या रोबोटपेक्षा या २२ नमुन्यांशी जास्त जवळचं आहे. चार-चारची फेरी आपल्याला सोयीचीही पडते. एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीसाठी, नमुने कोल्हापूरला न्यायचे असतात, एकेकासाठी कोण एसटीत बसणार?

आणि एवढ्याशा आकड्यांवर न्यूरल नेटवर्क चढवू नकोस. चाळीस ओळींच्या तक्त्याला साधा गॉसियन प्रोसेस पुरतो, साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालतो आणि पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये फुकट आहे. त्यात दोन खाचा आहेत. एक, तिथं गोंगाटाचा आकडा मुळात जवळजवळ शून्य धरलेला असतो. तो तसाच ठेवलास तर यंत्र तुझ्या प्रत्येक मोजमापाला ब्रह्मवाक्य समजतं आणि मोजण्यातल्या चुकीच्या मागं धावतं. म्हणून आधी एकच नमुना वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा कर, आकडा किती हलतो ते बघ आणि तेवढा गोंगाट त्याला सांग. दुसरी खाच म्हणजे मापं. तापमान ३०० ते ४५० आणि तीव्रता ०.०१ ते ०.१ अशी कच्ची दिलीस तर यंत्राला फक्त तापमान दिसतं. सगळे घटक शून्य ते एकमध्ये आण. तीव्रता लॉगमध्ये घे, पीएच तसाही लॉगच असतो.

आता सगळ्यात नाजूक जागा. यंत्राला मिळवायला काय सांगायचं? तुझा विषय सुपरकपॅसिटर, म्हणून तू म्हणशील, ग्रॅममागं फॅरड जास्तीत जास्त. इथंच फसशील. तुझ्या फिल्मचं वजन मिलिग्रॅमच्याही अंशात. समज ०.३ मिलिग्रॅम, आणि तराजू ०.१ पर्यंतच वाचतो. वजनातच एक तृतीयांश चूक. वजन कमी वाचलं गेलं की भागाकार फुगतो. माणूस असा आकडा बघून कपाळाला आठ्या घालतो, यंत्र मात्र तिकडंच धावत सुटतं. चार फेऱ्यांत ते तुला इतक्या पातळ फिल्मकडं नेईल की तिथं तू तराजूची चूक मोजत बसशील, आणि आलेख मात्र सुंदर चढता दिसेल. माझं ऐकशील तर चौरस सेंटिमीटरमागची धारकता लक्ष्य धर, किंवा अमुक वजनाखालची फिल्म मोजायचीच नाही अशी अट घाल. सूक्ष्म तराजू जिथं असेल तिथं जाऊन वजन कर, त्यासाठी दिवस गेला तरी चालेल.

त्याच कारणानं पेपरमधले आकडे गोळा करून तक्ता फुगवायच्या फंदात पडू नकोस. एकानं सेकंदाला ५ मिलिव्होल्ट अशा वेगानं व्होल्टेज बदलून मोजलेलं असतं, दुसऱ्यानं १०० च्या वेगानं. वेग वाढला की धारकता कमी दिसते, म्हणजे ते दोन आकडे एका रांगेत बसतच नाहीत. शिवाय पेपरमध्ये छापतात ते फक्त चांगलं आलेलं. फिल्म कुठं निघून आली हे कुणी छापत नाही, आणि यंत्राला शिकायला तेच हवं असतं.

फसलेल्या नमुन्यांची किंमत समजून घ्यायची असेल तर अमेरिकेतल्या हॅव्हरफर्ड कॉलेजचं २०१६ चं काम वाच. कॉलेज छोटंच. त्यांनी लॅबच्या जुन्या वह्यांतल्या फसलेल्या अभिक्रियाही संगणकात घातल्या. नवी अभिक्रिया जमेल अशी परिस्थिती सांगण्यात त्यांचं मॉडेल ८९ टक्के वेळा बरोबर ठरलं, अनुभवी रसायनशास्त्रज्ञांचा अंदाज ७८ टक्के. कचऱ्यात जाणाऱ्या वह्यांनी तो फरक पाडला.

म्हणून वही कशी लिहायची ते सांगतो. फिल्म सुटून आली तर रकाना रिकामा ठेवू नकोस आणि धारकता शून्यही लिहू नकोस. शून्य म्हणजे मोजली आणि काही निघालं नाही. सुटली म्हणजे मोजताच आली नाही. ‘सुटली’, ‘तडे’, ‘भुकटी’, ‘ठिपके’ असे वेगळे रकाने कर, म्हणजे फिल्म टिकते का याचं एक मॉडेल आणि टिकली तर कशी निघते याचं दुसरं, असं करता येईल. हॉटप्लेटवर लावलेलं तापमान लिहू नकोस, थर्मोकपलनं काचेवर मोजलेलं लिही. दोघांत बरंच अंतर असतं. रसायनाची बाटली कुठल्या बॅचची, काच कशानं धुतली, मध्ये लाइट गेली का, नमुना कुणाच्या हातचा, तेही. फिल्म केल्याची वेळ आणि मोजल्याची वेळ दोन्ही लिही. काही फिल्म दोन दिवस हवेत राहिल्या की वेगळ्याच होतात.

घटकांच्या मर्यादा यंत्राला ठरवू देऊ नकोस. कुठल्या तापमानाखाली तुझं मीठ विघटितच होत नाही, कुठल्या पीएचला पात्रातच साका खाली बसतो, हे रसायनशास्त्र तुला माहीत आहे, त्याला नाही. मर्यादा फार रुंद ठेवल्यास तर पहिले दहा नमुने वाया. फार अरुंद ठेवल्यास तर सापडलेलं सगळं तुला आधीच माहीत असलेलं. एक खूण सांगतो. यंत्र पुन्हा पुन्हा कडेचीच जागा सुचवायला लागलं की समज, कुंपण चुकीच्या जागी घातलंय. पहिले दहा-पंधरा नमुने मात्र यंत्राला न विचारता सगळ्या रानभर पसरून घे, लॅटिन हायपरक्यूब नावाच्या आखणीनं.

प्रत्येक फेरीतल्या चारपैकी एक नमुना तुझ्या गाईडना निवडू दे. भिडेखातर सांगत नाही. शेवटी प्रबंधात तुला दाखवावं लागेल की यंत्राची निवड अनुभवी माणसाच्या निवडीहून सरस होती. ती तुलना नसेल तर परीक्षक विचारणारच, आणि त्यानं विचारायलाच हवं.

मॉडेल किती बरोबर आहे हे तपासतानाची एक लबाडी फार पसरलीय. एकाच काचपट्टीचे तीन तुकडे करायचे, दोन शिकवायला वापरायचे, एक तपासायला. मग आर-स्क्वेअर ०.९९ येणारच, भावंडंच ती! तपासणीसाठी अख्खा दिवस किंवा अख्खी बॅच बाजूला काढ. आकडा खाली येईल. तोच छाप.

आणि यंत्र सांगतं म्हणून नवा पदार्थ सापडला असं चटकन लिहू नकोस. बर्कलीच्या ए-लॅबनं २०२३ मध्ये जाहीर केलं की १७ दिवसांत, ५८ लक्ष्यांपैकी ४१ नवे पदार्थ रोबोटनं बनवले. काही महिन्यांतच पालग्रेव्ह, शूप वगैरे रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे एक्सआरडी पुन्हा तपासले आणि त्यात नवा म्हणावा असा एकही पदार्थ नाही असं लिहिलं. जगातल्या मोठ्या लॅबची ही गत. तुझ्या एक्सआरडीत शिखरं जुळली म्हणून खुश होण्याआधी न जुळलेलं शिखर कुठलं आहे ते बघ. यंत्रानं सांगितलेला सगळ्यात चांगला नमुना दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं पुन्हा करवून घे. थांबायचं कधी? दोन-तीन फेऱ्यांतली सुधारणा त्या सुरुवातीच्या गोंगाटापेक्षा कमी भरली की थांब. पुढं फक्त रसायन जातं.

हे सगळं तुझ्या आतेभावालाही वाचायला दे. कुपवाडच्या फाउंड्रीत तो सँड लॅब बघतो आणि त्यालाही हे खूळ लागलंय. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या भागात ओतकाम होतंय, म्हणजे मोल्डिंग सँडच्या वह्यांना तोटा नाही. ओलावा, पर्मिॲबिलिटी, ग्रीन स्ट्रेंथ, बेंटोनाइट, कोल डस्ट, रिजेक्शन, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. पण त्याला सांग की ती नोंद आहे, प्रयोग नव्हे. वाळू कोरडी वाटली म्हणून मिलवाल्यानं पाणी वाढवलं. मग तक्त्यात जास्त पाणी आणि जास्त रिजेक्शन एकत्र दिसलं. दोष पाण्याचा का त्या दिवशीच्या वाळूचा? वहीतून कळणार नाही. मालकाची परवानगी घेऊन, सुरक्षित मर्यादेत, चिठ्ठी टाकून ओलावा थोडा वरखाली करू दे. आठवड्याभरात जेवढं कळेल तेवढं जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून कळत नाही. फाउंड्रीतली माणसं कॉलेजवाल्यांपेक्षा हे लवकर ओळखतात, असं माझं मत आहे, कारण ब्लोहोल निघालेलं कास्टिंग कुणी पेपरमध्ये लपवू शकत नाही.

आता एक काम सांगतो, ते तुझ्या एकटीच्यानं होणार नाही. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. कराड, विटा, इस्लामपूर, सांगली, सगळीकडं फिजिक्स-केमिस्ट्रीची कपाटं जुन्या लॅबच्या वह्यांनी भरलेली आहेत. त्यांत प्रबंधात न आलेल्या फसलेल्या फिल्म आहेत, पीएच आणि तापमानासकट. निवृत्त होणारा प्रत्येक माणूस कपाट रिकामं करतो आणि ते रद्दीत जातं. तुमच्या गाईड मंडळींनी एक साधा सामाईक तक्ता करावा. पदार्थ, पद्धत, मोजलेली परिस्थिती, काय झालं, आणि सुटली असेल तर ‘सुटली’. गाईडना विचारून मला कळव. माझ्या वह्या माळ्यावर आहेत, पहिल्या त्या घेऊन जा.